रिॲक्टरला परमिट, टाकीला माणूस

मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी वर्षातून अनेकदा छापून येते. गाव बदलतं, मृतांचा आकडा बदलतो, बाकी मजकूर तोच राहतो. टाकी साफ करायला एक कामगार आत उतरला. तो वर आला नाही म्हणून दुसरा उतरला. दोघांना बघायला तिसरा गेला. तिघांचाही विषारी वायूने गुदमरून दुर्दैवी मृत्यू. शेवटी एक ओळ असते की पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली असून पुढील तपास सुरू आहे. त्या पुढील तपासाची बातमी आम्ही फार क्वचित वाचली आहे.

या बातमीतला 'अकस्मात' हा शब्द आम्हाला मान्य नाही. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या टाकीत गाळ कुजतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, हे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सडक्या अंड्यांचा वास घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कारखान्यात तर अशी माणसं पगारावर ठेवलेली असतात. 'उतरला' हाही शब्द मान्य नाही. मराठीत उतरणे आणि उतरवणे ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. पंचनाम्यात मात्र पहिलंच येतं : सदर इसम स्वतःहून टाकीत उतरला. कंत्राटदार सकाळी सात वाजता झाकणापाशी उभा राहून सांगतो, सुपरवायझर लांबून बघतो, नाही म्हणालं तर उद्यापासून गेटपास बंद. त्याला आपण 'स्वतःहून' म्हणायचं.

आम्ही काही कार्यकर्ते गेली काही वर्षं कोकणातल्या आणि पुण्याकडच्या औद्योगिक वसाहतींमधल्या कंत्राटी कामगारांबरोबर काम करतो. आमच्यात एक वेल्डर आहे, दोघं केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर होते, एक वकील आहे, बाकी वस्तीतलीच मुलं-मुली. हे सांगण्याचं कारण एवढंच, की पुढे जे लिहितो आहोत त्यातलं बरंचसं आमच्यापैकी कुणी ना कुणी स्वतःच्या हाताने केलेलं आहे.

कारखान्यात ज्याला 'कन्फाइन्ड स्पेस' म्हणतात, म्हणजे बंदिस्त जागा, ती कुठली? जिथे माणूस शिरू शकतो पण कायम राहून काम करण्यासाठी जी बांधलेली नाही, जिथे जायला-यायला अडचण आहे आणि आतली हवा घातक होऊ शकते. रिॲक्टर, साठवणुकीच्या टाक्या, बॉयलरचा ड्रम, मोठे पाइप, खोल खड्डे, सम्प, ड्रेनेजचे चेंबर, सेप्टिक टँक. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये हे सगळं आलेलं होतं. १९८७ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं, की अशा जागेत कुणाला पाठवायचं असेल तर एक तर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून आत घातक वायू नसल्याचं लेखी प्रमाणपत्र दिलं पाहिजे, नाही तर आत जाणाऱ्याने श्वसनाचं योग्य उपकरण लावलेलं असलं पाहिजे आणि कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असलं पाहिजे. लगेच पुढच्या ३६-अ मध्ये दिवासुद्धा ठरवून दिला होता : पुरेशी सुरक्षा-साधनं नसतील तर आत नेण्याचा हातदिवा २४ व्होल्टच्या वर चालणार नाही. म्हणजे कायदा नव्हता, ही सबब नाही.

आता एका कारखान्याच्या आवारात फिरून येऊ. नाव लिहीत नाही. असे अनेक आहेत आणि हा त्यातला वाईटही नाही. गेटवर मोठा फलक आहे, अपघाताशिवाय किती दिवस गेले त्याचा. आत काचेचं अस्तर असलेला रिॲक्टर आहे. अस्तराला तडा गेलाय का ते बघायला आत माणूस जाणार आहे. त्याची तयारी आदल्या दिवशीच सुरू झाली. रिॲक्टर रिकामा करून धुतला. आत येणाऱ्या प्रत्येक पाइपलाइनच्या जोडात लोखंडी ब्लाइंड घातली, कारण नुसत्या बंद व्हॉल्ववर कुणी भरवसा ठेवत नाही. आतला दांडा फिरवणाऱ्या मोटरचा फ्यूज काढून कुलूप लावलं आणि किल्ली आत जाणाऱ्याच्याच खिशात दिली. ब्लोअरने हवा सोडली. मीटर दोरीने खाली सोडून वर, मध्ये आणि तळाला मोजमाप घेतलं : आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारा वायू, मग विषारी वायू. परमिटवर तीन सह्या झाल्या, वेळ लिहिली, पाळी संपली की परमिटही संपतं. तोंडावर एक माणूस उभा केला, त्याचं काम फक्त आतल्याशी बोलत राहणं. त्याला चहालाही जागा सोडता येत नाही.

हे सगळं योग्य आहे. आमच्या ऑपरेटर साथींनी वर्षानुवर्षं हे केलंय आणि त्यामुळेच ते आज आमच्यात आहेत.

त्याच दिवशी, त्याच आवारात, कँटीनच्या मागे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा म्हणजे ईटीपीचा कलेक्शन सम्प उपसायचा होता. तिथे कोण होतं? हाउसकीपिंगच्या कंत्राटदाराची चार माणसं. कुठली, ते विचारायची गरज पडली नाही, दोघं आमच्याच वस्तीतले निघाले. साधनं : फावडं, घमेलं, बादली, एक शिडी, तोंडाला रुमाल. बादलीला दोर होता. माणसाला नव्हता. परमिट? सुपरवायझर हसला. तो म्हणाला, "अहो, ते प्रोसेसचं नाही, हे साफसफाईचं काम आहे."

त्या दिवशी तिथे कुणी मेलं नाही. म्हणून त्याची बातमीही झाली नाही. पण आमचं म्हणणं या एका वाक्यापाशी सुरू होतं. आम्ही नंतर त्या कारखान्याच्या बंदिस्त जागांची यादी बघायला मागितली. यादी नीट टाइप केलेली होती, प्रत्येक जागेला क्रमांक होता. सगळे रिॲक्टर होते, सॉल्व्हंटच्या टाक्या होत्या, बॉयलर होता. सम्प नव्हता. सेप्टिक टँक नव्हता. कँटीनचा तेलकट पाण्याचा चेंबर नव्हता. इतर ठिकाणी विचारलं तेव्हाही पुन्हा पुन्हा हेच दिसलं. जिथे इंजिनिअर शिरतो ती बंदिस्त जागा. जिथे आमचा माणूस शिरतो ती घाण.

वायूला हा फरक कळत नाही. उलट धोका बघितला तर क्रम उलटा लावावा लागेल. धुऊन, ब्लाइंड घालून, हवा सोडून ठेवलेला रिॲक्टर हा त्या दिवशी त्या सम्पपेक्षा कितीतरी सुरक्षित होता. सम्पात गाळ होता, पाणी कोमट होतं, झाकण कित्येक महिने उघडलेलं नव्हतं. सुरक्षा विभागाने धोका मोजला असता तर पहिला मीटर तिथे गेला असता. तिथे मोजलं गेलं ते काम कुणाचं आहे एवढंच. बाबासाहेबांनी १९३६ च्या, लाहोरला कधीच न झालेल्या त्या भाषणात, जातिव्यवस्था म्हणजे फक्त कामाची वाटणी आहे हा युक्तिवाद खोडून काढला होता. त्याचा पुरावा हवा असेल तर कुठल्याही एमआयडीसीतल्या परमिटची फाइल उघडावी आणि तिच्यात काय नाही ते बघावं.

दर रविवारी दुपारी आम्ही एका विहारात बसतो. वंदना झाली की अर्धा-पाऊण तास टाक्यांविषयी बोलतो. सुरुवातीला काही वडीलधाऱ्यांना हे आवडलं नाही, विहारात गटाराची चर्चा कशाला म्हणून. आता तेच मुलांना पाठवतात. वर्गणी काढून आम्ही चार वायू मोजणारा एक मीटर घेतलाय. कंत्राटी कामगाराच्या दोन-चार महिन्यांच्या पगाराइतकी त्याची किंमत. एका कारखान्यात आम्ही असाच मीटर काचेच्या कपाटात ठेवलेला पाहिला होता, बॅटरी मेलेली, सेन्सरची मुदत उलटलेली. ऑडिटच्या दिवशी तो टेबलावर येत असणार.

या बैठकांत जी समजूत आम्हाला सगळ्यात जास्त वेळा खोडावी लागते ती नाकाविषयीची आहे. जुने कामगार सांगतात, दादा, झाकण उघडल्यावर वास येतो, थोडं थांबायचं, वास गेला की उतरायचं. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत याच्याइतकं घातक दुसरं काही नाही. हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास हा वायू असला की नाक बधिर होतं. वास गेलेला नसतो, वास घेणारं नाक गेलेलं असतं. ५०० ते ७०० भागांवर माणूस काही मिनिटांत कोसळतो. १००० भागांवर, म्हणजे हवेच्या हजारात एक भाग, तिथे एक-दोन श्वास पुरतात. ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून बाहेर उभ्या असलेल्यांना वाटतं, पाय घसरून पडला असेल.

दुसरी समजूत कंदिलाची. गावाकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील खाली सोडायची रीत आहे, दिवा विझला तर उतरायचं नाही. ही रीत मूर्खपणाची नव्हती. कमी ऑक्सिजन ती दाखवते, पण उशिरा. स्वच्छ हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की उतरायचं नाही असा नियम आहे. ज्योत विझते ती साधारण १६ टक्क्यांच्या आसपास. आणि हायड्रोजन सल्फाइड हजारात एक भाग असला, म्हणजे माणूस मरेल इतका असला, तरी ज्योत मजेत जळत राहते. वर गाळातून मिथेन निघत असेल आणि तो हवेच्या ५ टक्क्यांवर पोचला असेल तर कंदिलानेच स्फोट होईल. विहिरीतलं शहाणपण ईटीपीच्या टाकीत चालत नाही.

तिसरी गोष्ट ऐकून पोरं नेहमी गप्प होतात. मीटर सोडला, आकडे बरोबर आले, माणूस उतरला, तरीही दहा मिनिटांनी तो पडू शकतो. कारण वायू गाळात अडकलेला असतो. फावडं मारलं, पायाने गाळ ढवळला की तो बुडबुड्यांनी एकदम सुटतो. म्हणून एकदा मोजून भागत नाही, मीटर अंगावरच लावलेला हवा आणि ब्लोअर काम संपेपर्यंत चालू हवा. त्या ब्लोअरचं तोंडही डिझेल पंपाच्या धुराकडे नको. हे आम्ही उगाच सांगत नाही, तसं ठेवलेलं पाहिलंय. कापडी मास्क, सर्जिकल मास्क, रुमाल यांचा इथे काही उपयोग नाही. डब्याचा फिल्टर असलेला मास्कसुद्धा ऑक्सिजन निर्माण करत नाही. हवा कोंदट वाटते म्हणून वेल्डिंगच्या सिलिंडरमधून आत ऑक्सिजन सोडणारेही असतात. त्या हवेत एक ठिणगी पडली तर अंगावरचे कपडे भडकतात.

टाकीत गाळ नसला, काहीच नसलं, तरीही ती जीव घेऊ शकते. बंद लोखंडी टाकीला आतून गंज चढतो तेव्हा तो आतला ऑक्सिजनच खातो. रिकामी, कोरडी, स्वच्छ, बिनवासाची टाकी. नायट्रोजन भरून ठेवलेल्या टाकीचंही तेच.

आणि मग बातमीतला दुसरा आणि तिसरा माणूस. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षेच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने १९८६ मध्ये एक इशारापत्र काढलं होतं. बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक हे वाचवायला गेलेले असतात, असं त्यात नोंदवलेलं आहे. ते अमेरिकेचं. आपल्याकडे वाचवायला जाणारा कोण असतो? कंत्राटदाराची टोळी एका वस्तीतून, बऱ्याचदा एका घरातून भरलेली असते. खाली पडलेला असतो तो सख्खा भाऊ, चुलता, मेव्हणा. त्याला "थांब, उतरू नको" हे कुणी सांगायचं? कायम कामगार लांब उभे असतात, सुपरवायझर फोन लावत असतो. मेंदूला चार-सहा मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही तर कायमची इजा होते, आणि अग्निशमन दलाची गाडी तेवढ्यात पोचत नाही. म्हणून वाचवण्याची तयारी माणूस उतरण्याआधी करायची असते. अंगात हार्नेस, वर तिपाई, तिच्यावर हाताने फिरवायचा विंच. आतला बोलेनासा झाला की वरच्याने हँडल फिरवायचं, आत पाय टाकायचा नाही. हे असलं की एक माणूस धोक्यात येतो आणि तोही बहुतेक वेळा जिवंत वर येतो. नसलं की एका घरातून तीन तिरड्या उठतात. वस्तीतल्या बायकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण नवऱ्याला आणि दिराला एकाच टाकीवर पाठवायचं नाही हा निर्णय त्या घेऊ शकतात. दोन घरांत तो घेतला गेलाय.

आता मेल्यावर काय होतं ते बघू. कायदा पुरेसा आहे असं वर म्हटलं, पण एक नाही, दोन कायदे आहेत आणि आमचा माणूस दोघांच्या मधल्या फटीत पडतो.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करायला लावणं हा गुन्हा ठरवतो. दखलपात्र, अजामीनपात्र. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूचित जातीच्या माणसाला या कामाला लावलं तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलमही लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूसाठी १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम वाढवून ३० लाख भरपाई ठरवून दिली. पण या कायद्यातली गटार आणि सेप्टिक टँक यांची व्याख्या मानवी मैल्याशी बांधलेली आहे. कारखानदाराचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, आमच्या सम्पात मैला नाही, केमिकलचं पाणी आहे. म्हणजे हा कायदा नाही, तो औद्योगिक अपघात. मृतदेह वर काढताना त्या पाण्यात काय काय होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. अनेक ठिकाणी संडासाची लाइनही त्याच ईटीपीला जोडलेली असते. तरी कागदावर केमिकलचंच पाणी.

बरं, औद्योगिक अपघात तर औद्योगिक अपघात. मग कारखाना अधिनियम लावायचा असे. तिथे फिर्याद पोलिसांनी नाही, निरीक्षकाने किंवा त्याच्या लेखी मंजुरीने करायची असे, आणि गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत. निरीक्षकाने केली नाही तर विषय संपायचा. भरपाई १९२३ च्या कायद्याच्या सूत्राने मिळायची. पगार त्याहून जास्त असला तरी महिना १५,०००च धरला जायचा, त्याचा अर्धा आणि वयाचा गुणक. तिशीतल्या माणसाचे साडेपंधरा लाखांच्या आसपास व्हायचे, तेही कंत्राटदाराने पूर्ण पगार कागदावर दाखवला असेल तर. आणि हे काम इतकं 'औद्योगिक' असेल तर मग उतरताना परमिट का नव्हतं? जिवंत असताना साफसफाई, मेल्यावर उद्योग. या दोन वाक्यांच्या मध्ये मालक मोकळा सुटतो.

फट बुजवता येते, हेही नोंदवून ठेवतो. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका सोसायटीत सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मेले. काम खासगी कंत्राटदाराचं होतं. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारलाच प्रत्येकी १० लाख द्यायला लावले. खासगी जागेत झालं म्हणून राज्याचे हात झटकता येत नाहीत हे तिथे ठरलं. कारखान्याच्या आवाराबद्दल असा निकाल मिळवायला कुणीतरी लढलं पाहिजे. दरम्यान २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत १३ कायदे एकत्र केले गेले आणि वीज वापरणारा कारखाना कशाला म्हणायचं त्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली गेली. छोटे गाळे, छोटे डाय-हाउस, छोटे टँकर धुण्याचे धंदे यातूनच निसटतात, आणि तिथे तर कपाटात ठेवायलाही मीटर नसतो.

आमच्या चळवळीतूनच एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. काही साथी म्हणतात, तुम्ही हार्नेस आणि मीटर मागता म्हणजे आपल्या माणसाने आत उतरायचं हे मान्य करता. मागणी एकच हवी, माणूस आत नको, मशीन हवं. केंद्राच्या २०२३ च्या अर्थसंकल्पातही मॅनहोलऐवजी मशीनहोलची भाषा झालीच की.

सम्प आणि सेप्टिक टँकपुरतं आम्ही या साथींच्या शंभर टक्के बाजूने आहोत. गाळ खेचणारे पंप आहेत, सक्शनच्या गाड्या आहेत, टाकीचा तळ उतरता बांधला आणि पाणी ढवळत ठेवलं तर गाळ साचतही नाही. पण रिॲक्टरचं अस्तर, बॉयलरच्या आतलं वेल्डिंग, टाकीच्या आतलं रंगकाम यांना आजही माणूस लागतो आणि तिथेही आता आमचीच मुलं आयटीआय करून पोचली आहेत. त्यांना मीटर नको म्हणायचं? शिवाय सुरक्षेचं शास्त्र स्वतःच काय सांगतं? परमिट भरण्याआधीचा पहिला प्रश्न असतो, की आत न जाता हे काम होईल का? रिॲक्टरच्या बाबतीत तो प्रश्न विचारला जातो. सम्पच्या बाबतीत विचारत नाहीत, कारण माणूस पंपापेक्षा स्वस्त पडतो. सम्प यादीवर आणला, त्याला परमिट सक्तीचं केलं, तीन सह्या आणि तिपाई आणि ब्लोअर आणि उभा माणूस हे सगळं मालकाच्या खर्चात धरायला लावलं, की मालक स्वतःच पंप विकत घेतो. म्हणून आम्हाला या दोन मागण्या परस्परविरोधी वाटत नाहीत. आणि एक साधी गोष्ट आहे : उद्या सकाळी सात वाजता ज्याला झाकण उघडायला सांगणार आहेत, त्याला आज रात्रीच काहीतरी सांगावं लागतं.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो. हल्ली सगळ्या जातीचे लोक हे काम करतात, यूपी-बिहारचे येतात, यात जात कशाला आणता? देशभरातल्या सुमारे ३८,००० गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची नोंदणी सरकारने 'नमस्ते' योजनेत केली, त्यात जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले आणि अनुसूचित जमाती व ओबीसी धरले तर आकडा ९२ च्या आसपास जातो. सरकारचीच आकडेवारी. कारखान्यांच्या टाक्यांचा असा हिशेब कुणी ठेवत नाही, कारण हजेरीपटावर ही माणसं 'हेल्पर' असतात. बाहेरून आलेला कामगार उतरतो हे खरं आहे, आम्हाला झारखंडचे आदिवासी भेटलेत, मुसलमान भेटलेत. पण ज्या कामाला या व्यवस्थेने आधीच मातीमोल ठरवून ठेवलंय, त्या कामाला नंतर जो भुकेला येईल तो चालतो. कामाची किंमत जातीने पाडली. तो माणूस त्या पाडलेल्या किमतीला विकत घेतला जातो.

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि थुंकीने बाटतो म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध होता. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, आणि दहा वर्षांनी मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत भांडवलशाहीच्या जोडीला ब्राह्मणशाहीलाही कामगारांचा शत्रू म्हटलं. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं आलं तेव्हा डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा खाणींत खाली उतरले, काम कसं चालतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. आमच्या ओळखीच्या एकाही कामगाराने सेफ्टी ऑफिसरला सम्पच्या काठापर्यंत आलेलं पाहिलेलं नाही. कामगार संघटना वाटाघाटीत बोनस मागतात, कॅलेंडर मागतात. हाउसकीपिंगच्या टाकीला नंबर द्या, ही मागणी आम्ही एकाही मागणीपत्रात वाचली नाही. कारण तो सभासदच नाही, तो कंत्राटी.

परमिट म्हणजे जादू आहे असंही आम्ही म्हणत नाही. केबिनमध्ये बसून सकाळीच सह्या केलेली परमिटं आम्ही पाहिली आहेत, मीटर न सोडताच '२०.९' लिहिलेली. पण त्या कागदावर सही कुणाची आहे हे तरी दिसतं. सम्पच्या काठावर कुणाचीच सही नसते. मागच्या महिन्यात विहारात एका ताईंनी विचारलं, त्यांचा नवरा याच कामाला जातो, "जो सही करतो तो आत उतरतो का?" नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग निदान काठावर तरी उभा राहू दे त्याला." आमच्या मागणीपत्रात आता हे कलम आहे : ज्याची सही, तो माणूस वर येईपर्यंत त्याच टाकीच्या काठावर.

बाकीची कलमं थोडक्यात. कारखान्यातल्या प्रत्येक टाकीला, सम्पला, चेंबरला क्रमांक आणि तो झाकणावर रंगवलेला. यादी मराठी आणि हिंदीत गेटवर. पंपाने होणाऱ्या कामाला माणूस नाही. कंत्राट कुणाचंही असो, परमिट मूळ मालकाचं. नाही म्हणणाऱ्याचा गेटपास बंद करायचा नाही. आणि मृत्यू झालाच तर पाणी कशाचं होतं याचा नमुना पोलिसांनी पंचांसमक्ष त्याच दिवशी घ्यायचा. पत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं ठरलं आहे, सह्या चालू आहेत.

मे महिना जवळ आला. पावसाळ्याआधी टाक्या उपसायची कंत्राटं याच दिवसांत निघतात आणि उन्हाने गाळ जास्त कुजतो. रविवारी दुपारी चार वाजता विहारात बसतो, वस्तीतल्या कुणालाही विचारलं तरी जागा सांगतील. मीटर तिथेच असतो, हातात घेऊन बघता येतो. तुमच्या कारखान्यात कुठल्या झाकणावर नंबर नाही ते लिहून आणा. ज्यांच्या घरचं कुणी या कामाला जातं त्या आया-बहिणींनी जरूर यावं.

जय भीम.